बॉनेटखालचा पसारा: लपवावा की दिसू द्यावा?

धागाकर्ता, पर्वरी

माझ्याकडे १९९७ सालची मारुती झेन आहे, ९९३ सीसीची, कार्ब्युरेटरवाली. वडिलांकडून ती माझ्याकडे आली तेव्हा बॉनेट उघडले की चतुर्थीच्या माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर फळे-भाज्या टांगलेल्या चौकटीखाली, उभे राहिल्यासारखे वाटे. जिकडे पाहावे तिकडे काहीतरी लोंबकळत असे. मूळ वायरिंगवर हॉर्न, धुक्यातले दिवे, सेंट्रल लॉक आणि म्युझिक सिस्टिम यांचे थर चढत गेले होते, आणि प्रत्येक कारागिराने आधीच्याच्या कामाला हात न लावता आपली तार वरून ओढून नेली होती.

गेल्या हिवाळ्यात रविवारी-रविवारी बसून मी ते सगळे सोडवले. निकामी तारा काढून टाकल्या, उरलेली जुडी मडगार्डच्या आतून नेली, वायपरच्या पाण्याची टाकी बंपरच्या मागे बसवली, वापरात नसलेले कंस (ब्रॅकेट) कापले, रिकामी भोके वेल्डिंगने बुजवली आणि सगळ्या भागाला गाडीच्या मूळ रंगाचाच हात दिला. आता बॉनेट उघडले की इंजिन दिसते, बाकी काही नाही. फ्यूजचा डबा आत डॅशबोर्डखाली आणि बॅटरी डिकीत न्यावी, असा पुढचा विचार आहे.

माझे मत असे की हा निव्वळ नखरा नाही. कंपन्या स्वतःच इंजिनावर प्लॅस्टिकचे झाकण घालतात, मग मालकाने नीटनेटकेपणा केला की त्याला हौस का म्हणावे? शिवाय मोकळ्या जागेत तेलाची गळती लगेच दिसते. पूर्वी ती तारांच्या जाळ्यात महिनोन्महिने मुरत असे. विरोधी मते ऐकायला आवडतील.

वाहन-विद्युत कारागीर, म्हापसा

काम मनापासून केलेले दिसते, त्याबद्दल अभिनंदन. मात्र आपण दोन वेगळी कामे एकाच नावाखाली मांडली आहेत. निकामी तारा काढणे ही दुरुस्ती झाली. चालू तारा मडगार्डच्या आत नेणे ही लपवाछपवी झाली, आणि तिचे बिल पावसाळ्यात येते.

आपल्याकडे गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मडगार्डची आतली बाजू म्हणजे चाकाने उडवलेला चिखल, खडी आणि पाणी यांचा थेट मारा. त्यात किनाऱ्याची खारी हवा. तांब्याच्या तारेला एका टोकाला ओल लागली की हिरवट भुकटी आवरणाच्या आतून वर सरकत जाते. बाहेरून तार नवी कोरी दिसते आणि आत ती कुजलेली असते. अशी तार उघड्यावर असेल तर टोक कापून पाच मिनिटांत दोष सापडतो. मडगार्डमध्ये असेल तर चाक काढा, आतले प्लॅस्टिकचे अस्तर काढा, आणि मग शोधत बसा. गिऱ्हाईक मजुरीवरून माझ्याशी वाद घालते ते वेगळेच.

कंपनीच्या झाकणाचा दाखला मला पटत नाही. त्या झाकणाखाली बहुधा फोम असतो, तो आवाज शोषतो, आणि झाकण हाताने ओढले की निघते. कंपनी झाकते, पण पुन्हा उघडण्याची सोय ठेवून झाकते. आपण वेल्डिंग केले आहे.

एक वाचक, मडगाव

माटोळीची उपमा वाचून राहवले नाही. माटोळीत कोणते फळ कुठे बांधायचे याला घराघराची रीत असते आणि ती बांधणाऱ्याला डोळे मिटूनही सांगता येते. आपल्या बॉनेटखाली जे होते त्याला अडगळ म्हणावे, बिचाऱ्या माटोळीला मध्ये ओढू नये.

मूळ प्रश्नावर मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. म्हापशाच्या कारागिरांनी लोंबकळणाऱ्या तारेचे गुण सांगितले, दोष सांगितले नाहीत. सुटी तार इंजिनाच्या कंपनाने पत्र्याच्या कडेवर घासत राहते, आवरण झिजते आणि एक दिवस शॉर्ट होते. त्या तारेला फ्यूज नसेल तर आग लागते. एक्झॉस्टच्या नळकांड्याजवळ पडलेली तार वितळते. उंदरांचेही तेच. पावसाळ्यात कोरडी, उबदार जागा शोधत ते बॉनेटखाली येतात आणि तारांचा गुंता त्यांना आयते घरटे वाटतो. माझ्या गाडीत त्यांनी त्याच फोमच्या झाकणाखाली संसार मांडला होता, तेव्हापासून मी जून लागला की झाकण काढून घरात ठेवतो. थोडा आवाज वाढतो, दुसरे काही बिघडत नाही.

निवृत्त यंत्र अभियंता, फोंडा

बॅटरी डिकीत नेण्याच्या विचाराबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण या चर्चेत धोका सर्वांत जास्त तिथे आहे आणि त्याकडे कोणी वळलेले नाही.

झेनसारख्या लहान गाडीतही डिकीपासून स्टार्टरपर्यंत केबल वळणे घेत चार मीटर तरी होते. स्टार्टर १५० अँपियर ओढतो असे धरले, तर ३५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये सुमारे ०.३ व्होल्टची घट होते. स्वस्त पडते म्हणून १६ चौरस मिलिमीटरची घातली तर तीच घट ०.६५ व्होल्टच्या घरात जाते. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्ट देते. ती जुनी झाली आणि स्टार्टरच्या ओढीने १० व्होल्टच्या आसपास उतरली की हा अर्धा-पाऊण व्होल्ट गाडी सुरू होणे आणि न होणे यांतला फरक ठरतो. परतीचा प्रवाह पत्र्यातून येतो, म्हणून डिकीतले अर्थिंग रंग खरवडून उघड्या लोखंडावर घट्ट बसवावे लागते. २५ वर्षांहून जुन्या गोव्यातल्या गाडीत असे निरोगी लोखंड डिकीत कुठे उरले आहे, ते आधी पाहावे.

दुसरी गोष्ट फ्यूजची. ही जाड केबल मागच्या सीटखालून, पत्र्याच्या कडांवरून जाते. ती कुठेही घासून उघडी पडली तर बॅटरीची सगळी शक्ती त्या एका बिंदूतून वाहते. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर हवा आणि पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक भोकाला रबरी कडे हवे. फ्यूज पुढे इंजिनाजवळ बसवला तर मधली चार मीटर केबल उघडीच राहिली असे समजावे.

तिसरी गोष्ट वायूची. साधी शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बॉनेटखाली तो वारा घेऊन जातो. झेनची डिकी तर प्रवाशांच्या खोलीचाच भाग आहे. बंद पेटी आणि बाहेर नेलेली नळी यांची तयारी नसेल तर बॅटरी आहे तिथेच राहू द्यावी. शर्यतीच्या गाड्यांत ती मागे नेतात ती वजनाच्या समतोलासाठी. बाजारात जाणाऱ्या गाडीला त्याचे काय?

एक वाचक, वास्को

कायद्याबद्दल कोणीच कसे लिहिले नाही? मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ प्रमाणे गाडीत फेरफार करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावले आहे. छंद म्हणून हे सगळे ठीक असेल, पण अपघातानंतर विमा कंपनीने नकार दिला तर कोणाकडे जाणार?

धागाकर्ता, पर्वरी

वास्कोच्या वाचकांना नम्रपणे सांगतो की कलम ५२ नोंदणीपत्रातल्या तपशिलांविषयी बोलते. ते तपशील उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल करू नये, असा त्याचा आशय आहे. वायपरच्या पाण्याची टाकी कुठे आहे, हे माझ्या नोंदणीपत्रात लिहिलेले नाही.

फोंड्याच्या अभियंत्यांचे आकडे मात्र बिनतोड आहेत. मी १६ चौरस मिलिमीटरचीच केबल पाहून ठेवली होती. बॅटरी हलवण्याचा बेत रद्द.

एक वाचक, डिचोली

कलमाचा अर्थ आपण लावला तो बरोबर आहे, पण आपल्याच कामातली एक गोष्ट तुम्हाला त्या नोंदणीपत्रापाशी आणून उभी करू शकते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि तेव्हा चॅसिस क्रमांकाचा पेन्सिलने घासून ठसा घेतात. पुष्कळ जुन्या गाड्यांत तो क्रमांक बॉनेटखालच्या पत्र्यावरच ठोकलेला असतो. माझ्या भावाने हौसेने रंगाचे तीन हात दिले, खाचा भरून गेल्या आणि ठशात निम्मे अंक उमटलेच नाहीत. त्याला परत पाठवले. मग बारीक पॉलिश पेपर घेऊन तो दोन संध्याकाळी एकेक अंक उकरत बसला, आणि खाडाखोड केल्याचा संशय येईल या भीतीने पुढच्या तपासणीपर्यंत त्याला झोप नव्हती. आपण त्या पट्टीवर कागद चिकटवून मगच रंग मारला असेल, अशी आशा करतो.

धागाकर्ता, पर्वरी

नाही चिकटवला. आज संध्याकाळी विजेरी घेऊन पाहतो.

वाहन-विद्युत कारागीर, म्हापसा

पाहाल तेव्हा मडगार्डमधल्या जुडीचेही पाहून घ्या. तिथून काढणे जिवावर येत असेल तर निदान एवढे करा. जोडांवर साधी काळी टेप गुंडाळली असेल तर ती काढा, कारण उष्णतेने तिचा डिंक पाझरतो आणि वर्षभरात ती आपोआप उलगडते. तिच्या जागी आतून डिंक असलेली, तापवल्यावर आवळणारी नळी घाला. जोड डाख देऊन (सोल्डरिंगने) केले असतील तर डाखाच्या शेजारी तार ताठ होते आणि कंपनाने तिथेच तुटते, त्यामुळे तो भाग क्लिपने धरून ठेवा. प्रत्येक कनेक्टरच्या आधी तारेला खाली झोळ द्या, म्हणजे वरून आलेले पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल, कनेक्टरात शिरणार नाही.

मडगावच्या वाचकांचा घासण्याचा मुद्दा मला मान्य आहे. पण त्यावर उपाय आहे तो मूळ जागीच लवचीक नळी आणि क्लिपा. तारा दिसत राहतात आणि लोंबकळतही नाहीत. कंपनीने पत्र्यात क्लिपांसाठीच भोके ठेवलेली असतात. आपण ती बुजवलीत, याचेच मला वाईट वाटते.

एक वाचक, मडगाव

सगळीच भोके क्लिपांची नसतात. एकच पत्रा अनेक मॉडेलांना आणि डाव्या-उजव्या दोन्ही स्टिअरिंगना चालावा म्हणूनही कंपन्या जास्तीची भोके ठेवतात. ज्या भोकातून काहीच जात नाही ते बुजवल्याने कोणाचे नुकसान झाले?

वाहन-विद्युत कारागीर, म्हापसा

वेल्डिंगने पत्र्याच्या मागच्या बाजूचा रंग जळतो. पुढून आपण रंगवले, मागून कोणी रंगवले? गंज तिथून सुरू होईल आणि पुढच्या चकचकीत रंगाखाली दिसायला त्याला दोन पावसाळे लागतील. रबरी बूच दहा-वीस रुपयांत मिळते.

धागाकर्ता, पर्वरी

विजेरी घेऊन पाहिले. चॅसिस क्रमांक वाचता येतो. शेवटून दुसरा अंक थोडा भरला आहे. वेल्डिंगच्या मागची बाजू हात घालून चाचपली, बोटांना तांबूस भुकटी लागली. तारा मात्र मी बाहेर आणणार नाही. त्या जागेवर माझा दोन महिन्यांचा जीव गेला आहे. जोड तेवढे नव्याने करतो.

निवृत्त यंत्र अभियंता, फोंडा

हात घातलाच आहे तर बॅटरी उचलून तिच्याखालचा ट्रेही पाहा. आम्ल तिथेच ठिबकते आणि रंग देताना बॅटरी सहसा कोणी हलवत नाही.

धागाकर्ता, पर्वरी

मीही हलवली नव्हती.