बॉल जॉइंट सोडवायला कुठला पुलर (जॉइंट दाबून सोडवायचं हत्यार) घ्यावा? मदत हवी आहे

राम राम मंडळी. अमळनेरला घरीच गाडीचं काम काढलंय. टाय रॉड एंड (स्टीअरिंगचा दांडा चाकाकडे जोडणारा जॉइंट) खिळखिळा झालाय, तो बदलायचाच. पण लोअर आर्मचा (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचा) बॉल जॉइंट ठणठणीत आहे, तो फक्त सोडवून पुन्हा बसवायचाय. दोन्ही टेपरचे, म्हणजे निमुळती पिन भोकात घट्ट अडकून बसणारे. फोर्क (दोन दातांची पाचर) ठोकला की जॉइंटवरचा रबर बूट (आवरण) फाटतो, आणि कपाशीच्या शिवारातली काळी माती एकदा ग्रीसमध्ये शिरली की चांगला जॉइंटही गेलाच समजा. म्हणून स्क्रूवाला पुलरच घेणार. नट शेवटच्या आट्यांवर ठेवून ताण द्यायचा आणि नकलवर (चाकामागच्या ज्या भागात पिन बसते त्यावर) बाजूने हातोडा मारायचा, एवढं ठाऊक आहे. पण साधा जबड्याचा घ्यावा की लिव्हरवाला? तोंड किती मिमीचं लागेल? जळगाव-धुळ्यात फोर्ज्ड (घडीव पोलादाचा) पुलर कुठे मिळतो? स्वतः वापरला असेल तर नक्की सांगा भाऊ.