तुटपुंज्या कमाईतून भरलेली सभासद वर्गणी : आपले अनुभव लिहावेत

अक्कलकोट रोड
जॅकार्ड डिझाइन, म्हणजे विणतानाच कापडात उठणारी नक्षी, शिकवणाऱ्या ज्या ऑनलाइन गटाचा मी सभासद आहे, त्याच्या नूतनीकरणाचा संदेश काल आला आणि वडिलांची वाचनालयाची वर्गणी आठवली. वडील सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर रात्रपाळी करीत. आठवड्याच्या पगारातून किराणा आणि भिशी बाजूला काढल्यावर जे उरे, त्यातून ते महिन्याची वर्गणी भरत आणि तिची पावती रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवत. ज्या कागदांवाचून घराचे अडते, त्यांतच तिला जागा होती.

माझी अडचण थोडी निराळी आहे. आमच्या गटात वर्षाचे पैसे एकरकमी भरणाऱ्याला दोन महिन्यांची सूट मिळते आणि दरमहा भरणाऱ्याला पुरे बारा महिन्यांचे पैसे मोजावे लागतात. म्हणजे ज्याच्या हाती कधीच मोठी रक्कम साठत नाही, त्यालाच तेच शिक्षण महाग पडते. तरीही मी भरतो. ग्राफवर सुबक दिसणारा मोर चादरीवर चपटा का उतरतो आणि इंचातले ताणे व बाणे (उभे व आडवे धागे) मोजून तो ग्राफवरच कसा सावरायचा, हे मला तिथल्या एका ज्येष्ठ डिझायनरांनी माझेच चित्र समोर घेऊन दाखवले. कारखान्यात हे कोणी समजावत बसत नाही, कारण माग थांबला की मजुरीही थांबते. आपण अशी वर्गणी कशी भरली, किंवा केव्हा सोडावी लागली, ते कृपया लिहावे.

विडी घरकुल, कुंभारी
दादा, पावतीचे वाचून डोळे भरून आले. आमचे घर आईच्या विड्यांवर चालते. कारखान्याच्या ब्रँचमध्ये विड्या मोजून दिल्या आणि छाट, म्हणजे नापास ठरलेल्या विड्या, वजा झाली की हाती काय येणार ते ठरते, त्यामुळे महिन्याचा हिशेब आधी मांडताच येत नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि माझ्यासारख्यांचा खर्च वाढला. पूर्वी उत्तरतालिका उघडून स्वतःचे गुण स्वतः मोजता येत. आता लिहिलेले उत्तर कोणा जाणत्याने तपासून दिल्याशिवाय आपण कुठे आहोत ते कळत नाही. म्हणून मी उत्तरे तपासून देणाऱ्या एका सशुल्क गटात आहे. अभ्यासिकेची फी आणि ही वर्गणी एकाच आठवड्यात आली, तर मी वर्गणी आधी भरते आणि घरीच अभ्यास करते. घरात आवाज असतो, पण आवाजात वाचता येते. न तपासलेल्या उत्तराचे मात्र काहीच करता येत नाही.

सात रस्ता, निवृत्त बँक कर्मचारी
दोघांनाही एक काळजीची सूचना करतो. दरमहा आपोआप पैसे कापले जाण्याची संमती, म्हणजे ऑटोपे, देताना आपल्या खात्यात त्या तारखेला पैसे असतील का, हे आधी पाहावे. मजुरी आठवड्याने येते आणि कपात महिन्याच्या ठरलेल्या तारखेला होते. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा कपातीची सूचना किमान २४ तास आधी यावी लागते. पहिली संमती देताना पिन लागतो, परंतु पुढे ₹१५,००० पर्यंतच्या नेहमीच्या कपातीला तो पुन्हा विचारला जात नाही, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. यूपीआयच्या ज्या ॲपमधून संमती दिली, त्याच ॲपमध्ये ती रद्दही करता येते. पैसे नसतील असे दिसले तर सूचना येण्याची वाट न पाहता आधीच रद्द करावी, कारण परत गेलेल्या कपातीवर काही बँका दंड लावतात. किमान शिलकीची अट नको असेल त्यांनी मूलभूत बचत खाते मागावे. जनधन खाते त्याच प्रकारचे असते.

जुळे सोलापूर
काका, फार उपयोगी माहिती दिलीत. यात मोबाईलचा रिचार्जही धरावा. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज होतात, आणि तो तेरावा रिचार्ज कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतो. रिचार्ज संपला की वर्गणी भरलेली असूनही गटात जाता येत नाही.

साखर पेठ
मी घरी गणवेशांची शिलाई करते. कटिंग शिकवणाऱ्या एका ऑनलाइन गटात गरजूंना शुल्कमाफी होती, पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि आपली परिस्थिती सांगणारे पत्र मागितले होते. दाखला काढायला हरकत नव्हती. पत्र मात्र लिहवेना. नवऱ्याचे आजारपण, मुलींची फी, हे सगळे अनोळखी माणसांपुढे मांडून मग बाही कशी बेतायची ते शिकायचे, हे मनाला पटले नाही. मी शिलाईचे जास्तीचे नग घेतले आणि पूर्ण वर्गणी भरली. ज्यांनी माफी घेतली त्यांना मी कमी लेखत नाही; त्यांचा तो हक्कच आहे. मागणाऱ्याला एवढे उघडे करू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

विडी घरकुल, कुंभारी
अक्का, अगदी मनातले लिहिलेत. भाऊजींची तब्येत आता कशी आहे? आईने तुमचे लिहिलेले वाचून घेतले आणि पुन्हा एकदा वाचायला सांगितले.

साखर पेठ
आता पुष्कळ बरे आहे, बाळा. आईंना नमस्कार सांग. पेपर झाला की कळव.

विजापूर रोड
मी दुसऱ्या बाजूने लिहिते. शिवणकामाचा एक छोटा सशुल्क गट मी स्वतः चालवते. त्या पैशांतून व्हिडिओ कॉलच्या सेवेचे शुल्क जाते आणि मापे तपासून देणाऱ्या दोन मदतनीस बायकांना मानधन मिळते. त्याही शिलाईवरच जगतात, म्हणून सगळ्यांना फुकट शिकवणे मला शक्य नाही. अक्कांचे वाचून मात्र ठरवले की यापुढे मी कोणाकडूनही पत्र किंवा दाखला मागणार नाही. "यंदा निम्मी भरते" एवढे एक वाक्य पुरे. आठवड्याने भरण्याची सोयही सुरू करते आहे, आणि चार आठवड्यांची रक्कम महिन्याच्या वर्गणीपेक्षा एक रुपयाही जास्त नसेल. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आणि संक्रांत एकत्र येतात, घराघरांत खर्च होतो, म्हणून त्या महिन्याची वर्गणी फेब्रुवारीअखेर दिली तरी चालेल. अक्कलकोट रोडच्या दादांनी आपल्या गटाकडेही आठवड्याच्या हप्त्याची मागणी करून पाहावी. चालवणाऱ्याला ही अडचण कोणी सांगितलेलीच नसते, आणि मलाही ती आज प्रथमच इतकी नीट समजली.

अक्कलकोट रोड
ताई, आजच लिहितो. काकांच्या सूचनेप्रमाणे ऑटोपेची तारीखही पगारानंतरच्या दिवशी ठेवता येईल का, ते त्याच पत्रात विचारतो आणि उत्तर आले की इथे कळवतो.