टोयोटा पिकअपला ‘हजार डॉलरात सॉलिड ॲक्सल’: हे गणित कुणी केलं?

डावखुरा_पाना
अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत एक पोस्ट फिरतेय: ‘१९८६ ते ९५ मधली टोयोटा पिकअप घ्या. ८५ पर्यंतच्या पिकअपचा पुढचा सॉलिड ॲक्सल भंगारातून उचला. चार ब्रॅकेट वेल्ड करा. एक शनिवार-रविवार, हजार डॉलर, काम फत्ते.’ तिसऱ्यांदा समोर आली, म्हणून लिहितोय. सॉलिड ॲक्सल म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आडवा ॲक्सल. ८६ पासून त्याजागी आयएफएस आलं, म्हणजे दोन्ही चाकं सुटी हलणारं पुढचं सस्पेन्शन.

यात भाव धरलाय तो नुसत्या ॲक्सलचा. तो गाडीखाली उभा करण्याचा नाही.

कापाकापीपासून बघा. ८६ नंतरच्या गाडीला टॉर्शन बार आहेत, म्हणजे पिळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी दांड्या. त्यांचा ताण ॲडजस्टर बोल्ट सैल करून पूर्ण उतरवल्याशिवाय ग्राइंडर हातात घ्यायचा नाही. ताणलेला बार सुटला तर मांडीचं हाड मोडेल. मग ए-आर्मचे (चाक धरणाऱ्या तिकोनी दांड्यांचे) ब्रॅकेट चॅसीपासून सोलून काढायचे. चॅसीचा पत्रा जाड नाही, डिस्क खोल गेली की तिथे खाच पडते आणि पुढे तडा तिथूनच जातो. खालचा क्रॉसमेंबर कापलात की समोरच्या दोन गर्डरना धरायला काही उरत नाही, म्हणजे पुढच्या हँगरसाठी (कमानपाट्याचं टोक अडकवायच्या ब्रॅकेटसाठी) आडवी चौकोनी नळी आली. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या चॅसीला चिकटूनच जातात. वेल्डिंगआधी त्या सोडवा, बॅटरीची वायर काढा, इंजेक्शनवाली गाडी असेल तर कॉम्प्युटरही काढा.

मग रुंदी. ८६ नंतरचा मागचा ॲक्सल जुन्यापेक्षा सुमारे तीन इंच रुंद. जुना ॲक्सल तसाच लावला तर पुढची चाकं दोन्हीकडून दीड-दीड इंच आत. एक तर स्पेसर घाला, नाहीतर काढलेल्या आयएफएसचेच हब आणि जाड रोटर जुन्या नकलवर (चाकासकट वळणाऱ्या ॲक्सलच्या टोकावर) चढवा. दुसरा मार्ग स्वस्त, माल घरचाच. मात्र डस्ट शील्ड कापावी लागते आणि रोटरच्या जाडीला जुळणारे कॅलिपर लागतात.

आणि रेशो, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरच्या दात्यांचं प्रमाण! मागे ४.१० आणि भंगारातल्या ॲक्सलला ४.३७५ निघाला, तर फोर-व्हील टाकताच पुढचं-मागचं एकमेकांशी भांडणार. पैसे देण्याआधी दात मोजा: ४१ ला १० की ३५ ला ८.

चिखलराव
एवढं घाबरवलंत की लोक गाडीच विकतील. पोस्टवाला चुकला नाही, त्याने अर्धंच सांगितलं. स्वस्तात करायचं तर सुटा ॲक्सल घ्यायचाच नाही, चॅसी सडलेला ७९ ते ८५ मधला अख्खा ट्रक घ्यायचा. ॲक्सल, पुढचा प्रोपेलर शाफ्ट, कमानपाटे, यू-बोल्टच्या प्लेटा, स्टिअरिंग बॉक्स, सगळं एकाच गाडीतून. उरलेलं इंजिन, गिअरबॉक्स, दारं विकून निम्मे पैसे परत. मागचे कमानपाटे पुढे लावा, लांब असल्याने गाडी उठते आणि चाकही जास्त लोंबतं. शॉकअबसॉर्बरसाठी फोर्ड एफ-२५० चे शॉक टॉवर भंगारात मिळतात, चॅसीवर बोल्ट मारले की झालं. नव्या किटची गरज कुणाला?

राहता राहिलं स्टिअरिंग. डोनरचा, म्हणजे त्याच सडलेल्या ट्रकचा, बॉक्स लावा, कंपनीने दिलं तसंच ठेवा.

उलटी_शॅकल
अख्खा डोनर घ्या, हे सोळा आणे खरं. पण शेवटच्या ओळीने सगळ्यावर पाणी फिरवलंत.

८५ पर्यंतचा बॉक्स पुश-पुल आहे. पिटमन आर्म (बॉक्सवरचा दांडा) पुढे-मागे हलतो, त्याला जोडलेली ड्रॅग लिंक गाडीच्या लांबीत जाते आणि डावा नकल ढकलते. कंपनीचे पाटे आखूड आणि कडक, ॲक्सल फार हलत नव्हता म्हणून ते निभावलं. आता तुम्ही पाच इंच उंची दिलीत, लांब पाटे लावलेत. डावं चाक खड्ड्यात गेलं की ॲक्सल एका कमानीत फिरतो, ड्रॅग लिंक दुसऱ्या. मधला फरक जाणार कुठे? तुमच्या स्टिअरिंगमध्ये, यालाच बंप स्टिअर म्हणतात. वर ब्रेक मारला की पाटे पिळले जातात, नकलवरचा आर्म ॲक्सलबरोबर फिरतो आणि गाडी आपोआप एका बाजूला ओढते. चालकाला वाटतं कॅलिपर अडकला.

चिखलराव
वाटलंच होतं क्रॉसओव्हरवाले (ड्रॅग लिंक आडवी टाकणारे) येणार. हाय-स्टिअर आर्म, नवी टाय रॉड, नवी ड्रॅग लिंक, नवा पिटमन. स्वस्त शब्दाचा अर्थ बदललाय का? ट्रेलवर ताशी दहा मैलांत कसलं आलंय बंप स्टिअर!

उलटी_शॅकल
ट्रेलपर्यंत गाडी ट्रेलरवर नेता का? हायवेवर ताशी साठने जातानाचं बोलतोय.

आणि महाग कसलं? ८६ ते ९५ च्या गाडीत जो बॉक्स आधीच बसलाय, त्याचा पिटमन आडवा फिरतो. क्रॉसओव्हरला तोच लागतो! घरचा बॉक्स काढून डोनरचा जुना बसवायचा म्हणजे काम वाढवून गाडी बिघडवायची. खरेदी फक्त सपाट पिटमन, दोन हाय-स्टिअर आर्म आणि दोन दांड्यांची. ॲक्सल पुढे सरकवणार असाल तर बॉक्सही पुढे घ्या, पण चॅसीला आतून-बाहेरून प्लेट मारा आणि बोल्टच्या भोकांतून नळ्या घालून वेल्ड करा. नुसते बोल्ट आवळले की पोकळ चॅसी चेपते, बोल्ट सैल पडतात, मग तडे.

गारगोटी
तुम्ही दोघं स्टिअरिंगवर भांडताय, आर्म कशावर बसतो ते कुणी बोलेना. नकलवर चार स्टड असतात, शंकूच्या वॉशरसकट. भंगारातल्या ॲक्सलचे स्टड ताणलेले असतात, तिथे नवेच घाला. भोकातलं ग्रीस पूर्ण पुसा, ७१ फूट-पाउंडाला आवळा, शंभर मैलांनी परत तपासा. एक सैल झाला की उरलेले तीन भार घेतात आणि ओळीने तुटतात. स्टड तुटला की आर्म हातात आणि चाक मर्जीने.

भंगारातला ॲक्सल न उघडता लावणाऱ्यांसाठी आणखी एक. आतला ऑइल सील गेलेला असणारच. डिफचं (डिफरन्शियलचं) ऑइल नकलच्या गोळ्यात उतरतं, ग्रीसमध्ये मिसळतं आणि वायपर सीलमधून काळं कालवण टायरवर ओघळतं. सील, ट्रनियन बेअरिंग (नकल ज्यावर वळतो ते) आणि शिमचा (जाडी जुळवायच्या चकत्यांचा) खर्च पहिल्याच दिवशी धरा.

पुणेरी_डिफ
तुमचं बरंय तिकडे. इथे थारच्या सीआरडीई मॉडेललाही पुढे टॉर्शन बारच होते, पोरांना तिथे कमानपाट्यांचा ॲक्सल हवाच असतो. पण जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालणार नाही. रस्त्यावर शंभर फांद्या लावलेले ट्रॅक्टर चालतात, आमचा एक ॲक्सल मात्र...

डावखुरा_पाना
पुणेरीसाहेब, दुःख कळलं. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे मीही येतो.

मूळ मुद्दा राहतोय तो कॅस्टरचा, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याच्या मागे झुकलेल्या कोनाचा. उंची वाढली की प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. लोक पाट्याखाली पाचर घालून पिनियन (डिफचं शाफ्टकडचं तोंड) वर उचलतात. तोंड वर गेलं तेवढाच कॅस्टर कमी होतो आणि गाडी हायवेवर दारू प्यायल्यासारखी चालते. योग्य रीत म्हणजे हाउसिंगच्या टोकाच्या गोळ्याचं वेल्डिंग घासून काढायचं, गोळा फिरवायचा, परत वेल्ड करायचा. दोन्ही बाजू अँगल गेजने एकसारख्या, तीन ते सहा अंशांत. हजार डॉलरवाल्या पोस्टमध्ये याचा एक शब्द नाही.

चिखलराव
तीन इंच उंची देणाऱ्या पाट्यांवर याची गरज पडत नाही. पाचच इंच हवेत कशाला? ३३ इंची टायर तीन इंचांत बसतात, थोडं फेंडर कापा.

उलटी_शॅकल
हे मात्र मान्य. लिहून ठेवतो, चिखलराव एकदा बरोबर होते.

चिखलराव
उपकार झाले. मीही मान्य करतो, घरचाच बॉक्स असेल तर क्रॉसओव्हर करा. पुश-पुलची शिफारस मागे घेतो. हजार डॉलरची नाही.

गारगोटी
३५ इंची टायर आणि लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) लावणाऱ्यांनो, स्टॉक बर्फिल्ड (पुढच्या चाकाकडचा वळणारा सांधा) पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर रिव्हर्समध्ये ॲक्सिलरेटर दाबला की फुटतो. बाकी समाधान एवढंच, की चार सिलिंडरच्या गाडीत पुढचा-मागचा आठ इंची डिफ एकमेकांत बदलता येतो. एक सुटा डिफ गाडीत ठेवला की दोन्हीकडे चालतो. आयएफएसच्या साडेसात इंचीत ही सोय नव्हती.

नवखा_९८
टॅकोमाला (टोयोटाच्याच नंतरच्या पिकअपला) हेच करता येईल का? ९८ ची आहे.

डावखुरा_पाना
हाच ॲक्सल नाही. टॅकोमाचा पुढचा शाफ्ट ड्रायव्हरच्या बाजूने जातो, जुन्या पिकअपचा डिफ दुसऱ्या बाजूला. तुम्हाला १९८० नंतरच्या जीप वॅगोनियरचा डाना ४४ ॲक्सल बघावा लागेल, त्याचा डिफ ड्रायव्हरकडे आहे. मग चाकाचे बोल्ट, रेशो, ब्रेक सगळं नव्याने जुळवा.

नवखा_९८
म्हणजे हजार डॉलरात नाही?

चिखलराव
तुमच्या गाडीत नाही. बाकीच्यांनी अख्खा डोनर शोधा. आणि बंप स्टॉप (ॲक्सलची वरची हालचाल अडवणारे) वेल्ड करण्याआधी एका बाजूचं चाक फोर्कलिफ्टने पूर्ण वर दाबून बघा, टाय रॉड ऑइल पॅनला लागते का ते. ते आधी, रंग नंतर.