वाचनालयाच्या आठवणी लिहा

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं. मुंबई इलाखा गेला, 1956 च्या 1 नोव्हेंबरला आपण म्हैसूर राज्यात आलो, 1973 साली त्याचं कर्नाटक झालं. देवघेवीची खिडकी उघडतच राहिली. शहरातलं असो की गावातलं, तुमच्या वाचनालयाची आठवण लिहा. सुरुवात मी करते.

शहापुरातून वाचनालयापर्यंत चालत यायचे. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे! चौथीत असताना पिशवी फाटली आणि पुस्तक भिजून चिंब झालं. रडतच खिडकीशी गेले. ग्रंथपालकाका रागावले नाहीत. पाना-पानात वर्तमानपत्राचे तुकडे घातले, वर दोन जाडजूड नोंदवह्या ठेवल्या. ‘आठ दिवसांनी ये गे, बघू.’ आठ दिवसांनी पानं लाटांसारखी झाली होती, पण अक्षर न् अक्षर शाबूत. नोंदवहीत त्यांनी लिहिलं, ‘पावसाने भिजले. वाचण्यायोग्य.’ दंड घेतलाच नाही. पुढं मी शिक्षिका झाले. मुलांच्या हातून पुस्तक फाटलं की ते शब्द अजून आठवतात.

खानापूर :
1946 चं साहित्य संमेलन बेळगावात भरलं, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथंच झाला. आजोबा मांडवात होते. घरी ते सांगताना आवाज चढायचा. पण वाचनालयाची वर्गणी भरायला मात्र दर महिन्याला गुपचूप जायचे, दोन सभासदांची जास्तीची, ज्यांना जमायची नाही त्यांच्यासाठी. हे आम्हाला ते गेल्यावर कळलं.

बेळगाव, वडगाव :
घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर भरतो आपण. सरकारी ग्रंथालयं त्यावर चालतात, 1965 च्या कायद्यानं. माझी लेक तिथं बसून कन्नडमधून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आणि परत येताना माझ्यासाठी मराठी वाचनालयातून दिवाळी अंक आणते. मला दोन्ही हवीत.

निपाणी :
आई विड्या वळायची. हात मोकळे नसायचे, म्हणून मी शेजारी बसून मोठ्यानं वाचायचो. चार बायका जमायच्या. प्रकरण संपलं की सूप बाजूला सारून आई म्हणायची, ‘थांबू नकोस, पुढं वाच की.’ पुस्तक परत केलं की ग्रंथपाल ते उघडून आधी वास घ्यायचे. तंबाखूचा वास आला की नाव न विचारताच आमचं कार्ड काढायचे.