३३वा आठवडा, पहिलटकरीण: चालणं, उकिडवं बसणं, बॉल... नक्की काय करू?

ठिपक्यांची_रांगोळी
हाय सगळ्यांना. मला ३३वा चालू आहे, पहिलंच बाळ. पुण्यात आयटीत आहे, वर्क फ्रॉम होम, म्हणजे दिवसाचे नऊ तास सोफ्यात मागे रेलून आणि लॅपटॉप मांडीवर (जेवढी मांडी उरलीये तेवढीवर). पुढच्या आठवड्यात साताऱ्याला माहेरी जाणारे बाळंतपणाला. शुगर बीपी सगळं नॉर्मल, वार वरच्या बाजूला आहे, बाळाचं डोकं खाली आहे.
गोंधळ असा की सासूबाई म्हणतात रोज उकिडवं बसून फरशी पूस, सुखरूप मोकळी होशील. आई म्हणते अजिबात वाकायचं नाही. डॉक्टर म्हणतात चालत जा आणि पुढच्या पेशंटला हाक मारतात. ऑनलाइन क्लासवाली म्हणते बसायचा मोठा व्यायामाचा बॉल घ्या. मला स्वतःला उकिडवं बसलं की टाचाच टेकत नाहीत, मागे पडायला होतं, लहानपणापासून कमोडच ना.
आणि मेन प्रश्न, कळा सुरू झाल्यावर आपल्याकडे हॉस्पिटलमध्ये चालू-फिरू देतात का? माझ्या चुलत जावेला ॲडमिट केल्यापासून आडवंच ठेवलेलं, ती म्हणते कळांपेक्षा पडून राहण्याचा वैताग जास्त होता.

दोघांची_आई_कोल्हापूर
अगं माझी दोन्ही नॉर्मल झाली पण दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक बघ. पहिल्या वेळी कळा सुरू झाल्या झाल्या घाबरून पळालो हॉस्पिटलला, पिशवीचं तोंड फक्त २ सेंमी उघडलेलं, घातलं कॉटवर, सलाईन लावलं आणि मग छताचा पंखा बघत चौदा तास. प्रत्येक कळ कंबरेत यायची आणि उताणं असल्यामुळे कंबर हलवायलाही येईना.
दुसऱ्या वेळी ठरवलंच होतं की घरी जेवढा वेळ काढता येईल तेवढा काढायचा (हॉस्पिटल दहा मिनिटांवर होतं म्हणून, लांब असेल तर हा शहाणपणा करू नकोस). रात्री दोनला सुरू झालं. कळ आली की ओट्यापाशी जायचं, कोपरं टेकवायची, पाय फाकवून कंबर गोल फिरवायची, आणि पुढ्यात पिठाचा स्टीलचा डबा होता त्यावर कपाळ टेकायचं, गार लागायचं, अजून तो डबा दिसला की मला ती रात्र आठवते. कळ गेली की परत हॉलमध्ये फेऱ्या. नवरा बिचारा मोबाईलवर वेळ लिहीत होता, पाच-पाच मिनिटांनी यायला लागल्या तसं निघालो. पोचले तेव्हा ६ सेंमी होतं, सिस्टर म्हणाल्या इतका वेळ कुठं होतात. पुढं तीन तासांत पोरगी बाहेर.
आता दुसरं बाळंतपण तसंही लवकर होतं म्हणतात त्यामुळे सगळं श्रेय चालण्याला देत नाही मी. पण सोसलं जास्त बरं, एवढं नक्की.

लेबररूम_सिस्टर
सोळा वर्षं लेबर रूमला आहे, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते.
पहिलं, फरशी पुसल्याने पिशवीचं तोंड उघडत नाही. पण सासूबाईंचं अगदीच चुकीचं नाही. पूर्वी दळण, चूल, संडास सगळं उकिडवं असायचं, मांड्या आणि कंबरेचे सांधे आपोआप मोकळे राहायचे. तुझे नऊ तास सोफ्यात जातात, फरक तिथे आहे. सोफा सोड, खुर्चीत पुढे सरकून बस, तासाला एकदा उठ. टाचा टेकत नसतील तर खाली चटईची घडी ठेव आणि खिडकीचं गज धरून बस, किंवा सरळ लहान स्टुलावर गुडघे लांब ठेवून बस. ओल्या फरशीवर उकिडवं सरकत जाणं मात्र नको, नवव्या महिन्यात तोल गेला तर महागात पडतं. पुसायचीच हौस असेल तर कोरड्या जागी रांगत, म्हणजे मार्जरासनासारखं. त्याने बाळ फिरतं असं पुष्कळ जण सांगतात, अभ्यासांत तसं खात्रीने दिसलेलं नाही, पण पोटाचा भार कंबरेवरून सुटतो.
बॉल घेतलास तर बसल्यावर गुडघे कुल्ल्यांपेक्षा किंचित खाली राहतील एवढा घे, आणि पायात मोजे घालून बसू नको.
आता कळांचं. उताणं झोपलं की बाळाचं वजन पाठीच्या कण्यापुढच्या मोठ्या शिरेवर येतं, बीपी उतरतं, बाळाकडे रक्त कमी जातं. शिवाय माकडहाड कॉटला दाबलं जातं, त्याला मागे सरकायला जागा उरत नाही. उभं राहिलं, बसलं, कुशीवर झालं तर ती जागा मिळते. पंचवीस अभ्यास एकत्र करून २०१३ साली आढावा आला होता, पाच हजारांवर बायका होत्या, त्यात उभं राहणाऱ्या-चालणाऱ्यांचा कळांचा पहिला टप्पा सरासरी १ तास २२ मिनिटांनी कमी झाला आणि सिझरही थोडी कमी झाली. डब्ल्यूएचओने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की धोका नसलेल्या बाईला हिंडू-फिरू द्या आणि कुठल्या अवस्थेत बाळंत व्हायचं ते तिला ठरवू द्या. आपल्या सरकारचा लेबर रूम सुधारायचा २०१७ पासूनचा लक्ष्य कार्यक्रम आहे, त्यातही सोबतीला घरचं माणूस ठेवायचं म्हटलंय.
मग आम्ही आडवं का पाडतो? खरं सांगू, बरेचदा आमच्या सोयीसाठी. पोटाला ठोक्यांचे पट्टे लावायचे, सलाईन चालू, एका सिस्टरकडे चार पेशंट, आणि टेबलच असं की त्यावर दुसरं काही जमत नाही. पण ठोके अधूनमधून हातातल्या मशीनवरही ऐकता येतात, पट्टे लावले तरी खुर्चीत बसता येतं. विचारलं तर पुष्कळ ठिकाणी देतात, न विचारता कुणी देत नाही.
दुसरी बाजूही सांगते. बाळ बाहेर येताना बसलेल्या अवस्थेत खाली छेद द्यायची आणि चिमटा (बाळ ओढून काढायचं फोर्सेप्स) लावायची वेळ कमी येते असं दिसतं, पण रक्तस्राव थोडा जास्त होऊ शकतो, त्यामुळे हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरशी बोल.
आणि हे सगळं सरसकट नाही. वार खाली असेल, अंगावरून रक्त जात असेल, पिशवीला टाका घातलेला असेल, दिवस भरायच्या आधीच कळा येत असतील तर व्यायाम बंद, डॉक्टर सांगतील तेच. पाणी गेलं आणि डोकं ओटीपोटात न उतरता अजून वरच असेल तर चालायचं नाही, नाळ खाली घसरू शकते. बाळाची हालचाल कमी वाटली तर फेऱ्या मारत वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल.

ताकभात
मी इथे जरा वेगळा सूर लावणारे, सॉरी. पाचव्या महिन्यापासून प्रीनेटल योगा, रोज चाळीस मिनिटं चालणं, बॉल, मालासन, खजूर, सगळं सगळं केलं. ७ सेंमीपर्यंत मस्त उभ्याने कळा काढल्या, आणि मग बाळाचे ठोके खाली जायला लागले ते वर येईनात. वीस मिनिटांत सिझर. पोरगा ठणठणीत आहे, आता बूट चावतोय. पण घरी आल्यावर पहिलं वाक्य काय ऐकलं तर "फरशी पुसली असतीस तर". तेव्हा नॉर्मल झालं तर व्यायामामुळे आणि सिझर झालं तर तुझ्यामुळे, हे गणित डोक्यात घालून घेऊ नकोस. बाकी व्यायामाचा मला फायदा झालाच, सिझरनंतर दुसऱ्या दिवशी धरून का होईना चालत होते.

काकू_नाशिककर
माझ्या आजीच्या घरी माजघरात आढ्याला दोर बांधलेला असायचा, बाई उकिडवी बसून तो धरायची आणि सुईण पुढ्यात. आई सांगायची. फार ग्रेट वाटतं ऐकायला, पण त्याच आजीची नऊपैकी चार गेली. दोर चांगलाच होता हो, सोबतीला डॉक्टरही हवा होता.

लंडनची_माऊ
इथे मिडवाईफने स्वतःच उठवून चालायला लावलं, बॉल, गादी, सगळं खोलीतच होतं. पण शेवटी मी एपिड्युरल (कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन) मागितलं, लाज वगैरे काही वाटली नाही. एक सांगायचं म्हणजे एपिड्युरल घेतलं की गणित उलटं होतं. पाय जड झालेले असतात, आणि २०१७ साली इथला मोठा अभ्यास आला त्यात जोर लावण्याच्या वेळी बसवून ठेवलेल्यांपेक्षा कुशीवर झोपवलेल्यांना चिमटा किंवा सिझर न लागता बाळंतपण थोडं जास्त झालं, शंभरात ४१ विरुद्ध ३५. मलाही कुशीवर, गुडघ्यांमध्ये भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचा बॉल अडकवून ठेवलेलं. म्हणजे उभंच राहायला पाहिजे असा हट्ट नको.

ठिपक्यांची_रांगोळी
सगळ्यांना खूप थँक्यू, ताकभात तुला स्पेशल, ते वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं आणि म्हटलं तुझ्या आईला आत्ताच सांगून ठेव.
अपडेट, साताऱ्यात आलेय. काल हॉस्पिटलला गेले तेव्हा सिस्टरताईंनी सांगितलेलं सगळं कागदावर लिहून नेलं, नाहीतर मी तिथे गेले की विसरते. डॉक्टर आधी हसल्या, मग म्हणाल्या पाणी जाईपर्यंत कॉरिडॉरमध्ये फिर, पट्टे लावायला बोलावलं की यायचं. सोबत एक बाईमाणूस चालेल, नवरा नाही, त्यावर अजून भांडणारे मी. डिलिव्हरी टेबलवरच होणार पण पाठ वर उचलून देतील. हिमोग्लोबिन १०.८ आहे, गोळ्या दुप्पट केल्यात.
६५ सेंमीचा बॉल आणलाय, माझी उंची ५ फूट ४, बरोबर बसतोय. आई दोन दिवस म्हणत होती हे काय पोरांचं खेळणं, पडशील. काल संध्याकाळी मी फेऱ्या मारून आले तर सीरियल लावून तीच त्यावर बसलेली, म्हणे कंबरेला बरं वाटतंय गं.