मदत हवी आहे – फोरमवर मेंबर व्हायची मेल कुणालाच पोचंना झालीय

गडवेडा_बेळगाव (शनिवार, रात्री ११:५२)
नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगा, चार दिवस झाले डोकं फिरायची वेळ आलीय. आपल्या भागातल्या किल्ल्यांवर छोटा फोरम काढलोय, राजहंसगड, भीमगड, पारसगड, चंदगडकडचे पारगड-महिपाळगड असं सगळं एका जागी असावं म्हणून, हौस म्हणून, पैसे बिसे मिळवायचे नाहीत. सगळं मस्त झालंय, ११ मेंबर पण आहेत, पण कोण नवीन माणूस नाव नोंदवला की त्याला कन्फर्मची मेलच जात नाही. मेल नाही म्हणजे आत येता येत नाही. सगळं करून बघितलो. काय करू?

सर्व्हररूम (रात्री १२:०५)
"सगळं करून बघितलो" म्हणजे काय काय? सॉफ्टवेअर कुठलं, होस्टिंग शेअर्ड (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) की स्वतःचा सर्व्हर, मेल कुणालाच जात नाही की फक्त जीमेलवाल्यांना? एवढं सांगितल्याशिवाय ज्योतिषच बघावं लागेल.

तंबाखूनगरी (रात्री १२:११)
भावा कशाला एवढा उपद्व्याप? व्हॉट्सॲप ग्रुप काढ. १०२४ माणसं बसत्यात एका ग्रुपात. आमचा निपाणीचा ट्रेकिंगचा ग्रुप त्याच्यावरच चाललाय, मेलबिल काय लागत नाही.

गडवेडा_बेळगाव (रात्री १२:२०)
@तंबाखूनगरी ग्रुप आहे की ओ, त्यालाच वैतागून फोरम काढलोय. गेल्या पावसाळ्यात एकजण पारगडच्या वाटेची अख्खी माहिती टाकला होता, कुठं गाडी लावायची, पाणी कुठं मिळतं, सगळं. आता ती शोधायला गेलो की आधी दीडशे गुड मॉर्निंग, मग कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाची पत्रिका, मग परत गुड मॉर्निंग.
@सर्व्हररूम पीएचपीबीबी आहे, ते फोरमचं फुकट सॉफ्टवेअर. होस्टिंग वर्षाचं घेतलोय, नेहमीचं.

सर्व्हररूम (रात्री १२:२४)
नेहमीचं म्हणजे शेअर्ड धरतो. जीमेलचं काय?

क्लाउडवाला (रात्री १२:४०)
पीएचपीबीबी २००० सालातलं आहे हो, अजून कोण वापरतं? डिस्कोर्स टाका, फोरमचंच नवीन सॉफ्टवेअर आहे. मोबाइलवर सुंदर दिसतं, खाली खाली स्क्रोल करत जायचं, पानं उलटायची कटकट नाही. मी एका कंपनीसाठी बसवलंय, झक्कास चालतं.

सर्व्हररूम (रात्री १२:५१)
डिस्कोर्स चांगलं आहे, वाद नाही. पण त्याला निदान १ जीबी रॅमचा स्वतःचा सर्व्हर लागतो, डॉकर (सॉफ्टवेअर डब्यात बंद करून चालवायची सोय) लागतं, शेअर्ड होस्टिंगवर ते बसतच नाही. आणि गंमत म्हणजे बसवतानाच विचारतं की मेल कुठल्या सर्व्हरवरून पाठवू. मेल चालत नसेल तर ॲडमिनचं स्वतःचं खातंसुद्धा उघडायची पंचाईत. ज्याची मेलच जात नाही त्याला तुम्ही डिस्कोर्स सांगताय.

क्लाउडवाला (रात्री १२:५८)
मेलसाठी बाहेरची सेवा घ्यायची असते, सगळे घेतात. १९९९च्या जमान्यात राहायचं असेल तर राहा.

जुनाजाणता (रविवार, सकाळी ६:३५)
मायबोली १९९६ साली सुरू झाली तेव्हा युनिकोडमध्ये मराठी लिहायची सोयसुद्धा लोकांकडे नव्हती, तरी लोक जमलेच. पुढं ऑर्कुट आलं, सगळे तिकडं पळाले, आणि २०१४ला ते बंद पडल्यावर आमच्या कॉलेजच्या कम्युनिटीतल्या गप्पा पण त्याच्यासोबत गेल्या. स्वतःची जागा असलेली बरी एवढंच सांगायचंय. मेलचं मला काही कळत नाही.

शहापूरची_वहिनी (सकाळी ९:१०)
भीमगडला आता जाता येतं का कोणी सांगेल का? मुलांना घेऊन जायचं आहे.

खानापूरकर (सकाळी ९:२२)
वहिनी, भीमगड अभयारण्यात आहे, फॉरेस्टची परवानगी काढल्याशिवाय जायचं नाही. जांबोटीत मिसळ खाऊन परत यायची तयारी ठेवून जा. आणि धागाकर्ते, तुमच्या फोरमवर एक नियम आधीच करा, बारापेडे गुहेची वाट, लोकेशन, काही टाकू द्यायचं नाही. तिथली वटवाघळं दुर्मीळ आहेत, लोक टॉर्च आणि फटाके घेऊन जातील.

गडवेडा_बेळगाव (सकाळी १०:४८)
@खानापूरकर बरं झालं सांगितलात. एकजण नकाशाच टाकलाय तिथला. काढतो आत्ताच.
@सर्व्हररूम टेस्ट म्हणून बायकोच्या जीमेलवर, भावाच्या जीमेलवर आणि मामाच्या रेडिफवर करून बघितलो. मामाला गेली. जीमेलला स्पॅममध्ये पण नाही.

सर्व्हररूम (सकाळी १०:५५)
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतं ना दादा. म्हणजे मेल निघतेय, जीमेल घेत नाहीये. आता दोन गोष्टी सांगा. फोरमच्या ॲडमिन पॅनेलमध्ये ईमेल सेटिंग्जमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता कुठला टाकलाय? आणि "मेल डिलिव्हरी" असल्या नावानं तुमच्या इनबॉक्सात काही परत येतंय का?

गडवेडा_बेळगाव (सकाळी ११:३०)
माझा जीमेलचाच टाकलोय, लोकांना ओळखीचा वाटावा म्हणून. आणि हो, तसली इंग्रजी पत्रं ४०-५० आलेली, फसवाफसवी समजून डिलीट करायलोतो.

सर्व्हररूम (सकाळी ११:३४)
🙏 तीच तर उत्तरं होती. तुम्ही काय करताय बघा. होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवरून पत्र टाकताय आणि पाकिटावर पाठवणारा म्हणून जीमेलचा पत्ता लिहिताय. जीमेलला दिसतं की हे आपल्या घरातून निघालेलंच नाही, कोणीतरी आपलं नाव लावून फिरतंय, मग तो दारातनंच परत पाठवतो. २०२४च्या फेब्रुवारीपासून हे जास्तच कडक झालंय, स्वतःच्या डोमेनवरून पाठवलं तरी निदान एसपीएफ (या डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरनं पाठवायची त्याची यादी) किंवा डीकेआयएम (मेलवरची डोमेनची सही) लागतंच.
आता होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये (होस्टिंगची सगळी बटणं असतात ते पान) तुमच्या डोमेनचा एक मेल पत्ता तयार करा. फोरमच्या ईमेल सेटिंगमध्ये पत्त्याचे दोन रकाने आहेत, संपर्काचा आणि पाठवणाऱ्याचा, दोन्हीत तोच टाका. खाली एसएमटीपी (पासवर्ड देऊन मेल सर्व्हरमधून पाठवायची पद्धत) चालू करून त्याच पत्त्याचा युजरनेम पासवर्ड द्या. मग सीपॅनेलमध्ये "ईमेल डिलिव्हरेबिलिटी" म्हणून पान असतं, तिथं एसपीएफ आणि डीकेआयएम दोन्ही ठीक दाखवतंय का बघा, नसेल तर रिपेअरचं बटण दाबा.

क्लाउडवाला (सकाळी ११:४१)
म्हणजे मी म्हटलं तेच, मेल नीट लावा.

सर्व्हररूम (सकाळी ११:४२)
तुम्ही डिस्कोर्स म्हणालात.

नियमाप्रमाणे (दुपारी १:१५)
मेलपेक्षा मोठा प्रश्न कोणी विचारतच नाहीये. लोक काही पण लिहितील, जबाबदार कोण? आयटी ॲक्टच्या कलम ७९मध्ये मधल्या माणसाला संरक्षण आहे पण त्याला अटी आहेत. २०२१च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर लावावा लागतो. लावलाय का?

तंबाखूनगरी (दुपारी १:२०)
११ मेंबरच्या फोरमला तक्रार अधिकारी? बायकोलाच नेमा, ती तसंही सगळ्यांची तक्रार ऐकत असेल 😂

नियमाप्रमाणे (दुपारी १:३१)
हसण्यावारी नेऊ नका. ५० लाख मेंबरचा आकडा आहे तो मोठ्या कंपन्यांच्या जादा नियमांसाठी. साधा तक्रार अधिकारी लहानांना पण आहे. आणि बेळगावात बसून मराठीत फोरम चालवताय म्हणजे १ नोव्हेंबरला, एकीकडं कर्नाटक राज्योत्सव आणि दुसरीकडं मराठी लोकांचा काळा दिवस, काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. एक वाक्य कोणीतरी टाकणार, दुसरा कन्नडमध्ये उत्तर देणार, आणि किल्ले राहतील बाजूला.

चंदगडी (दुपारी १:५०)
खरं आहे हे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा खटला २००४पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, फोरमवर कोण निकाल लावणार तो? आमच्याकडं एक ग्रुप होता भातशेतीचा, बासमतीचं बियाणं, औषध फवारणी असं चाललेलं. एकानं गावाच्या पाटीचा फोटो टाकला कुठल्या भाषेत आहे बघा म्हणून, तीन दिवसांत ग्रुप फुटून दोन झाले. आता दोन्हीत बियाण्याची माहिती अर्धी अर्धी आहे.

गडवेडा_बेळगाव (संध्याकाळी ४:०५)
ते झालंय ओ आधीच. पारसगड सौंदत्तीत, तिकडचा एक मुलगा आहे, फोटो काय काढतो म्हणून सांगू, तो कन्नडमध्येच लिहितो. मला कन्नड वाचता येतं, अर्ध्या लोकांना येत नाही. एकजण त्याला म्हटला मराठीत लिही नाहीतर जा. मी दोघांना पण फोन केलो. आता नियम केलोय की किल्ल्याबद्दल लिहिताना कुठल्या पण भाषेत लिहा, फोटोखाली दोन ओळी मराठीत देता आल्या तर बरं, आणि सीमा, पाट्या, निवडणूक कुठल्याच भाषेत नको.

जुनाजाणता (संध्याकाळी ४:३०)
फोन केलात हे फार चांगलं केलंत. जाहीर झापलं की माणूस जातो. विभाग किती काढलेत हो?

गडवेडा_बेळगाव (संध्याकाळी ४:४२)
१७. प्रत्येक किल्ल्याला एक, शिवाय गाडी-बाइक, कॅमेरा, पुस्तकं, खाणं, इतर.

जुनाजाणता (संध्याकाळी ४:५०)
११ माणसं आणि १७ विभाग! लग्नाचा हॉल घेऊन दोघंच जेवायला बसल्यासारखं आहे ते. नवा माणूस येतो, पंधरा विभागांत "एकही धागा नाही" बघतो आणि परत जातो. तीन ठेवा. किल्ले, वाटा नि प्रवास, आणि गप्पा. एखाद्या विषयाचे वीस-पंचवीस धागे झाले की मग त्याला वेगळी खोली द्या. आणि सुरुवातीचे महिना दोन महिने रोज तुम्हालाच काहीतरी लिहावं लागणार.

खानापूरकर (संध्याकाळी ५:१५)
गप्पा विभागात आपल्या बेळगावी मिठाईवर, कुंदा कुठला चांगला यावर धागा काढा, मेंबर आपोआप येतील.

शहापूरची_वहिनी (संध्याकाळी ५:२०)
कुंदा आमच्या शहापूरचाच. यात धागा कशाला पाहिजे?

गडवेडा_बेळगाव (मंगळवार, रात्री १०:१८)
मंडळी नवीन घोळ झालाय. मेलचं उद्या बघू म्हणून तोवर लोक अडायला नकोत असं वाटलं आणि रविवारी रात्री ॲक्टिव्हेशनच बंद करून टाकलो, म्हणजे नाव नोंदवलं की डायरेक्ट आत. आज बघतोय तर मेंबर ४१२! आधी खूश झालो, बायकोला उठवून दाखवलो. मग बघितलो तर सगळी नावं इंग्रजी अक्षरांची खिचडी, आणि राजहंसगडाच्या धाग्यावर कसल्या तरी गोळ्यांची आणि जुगाराची जाहिरात.

सर्व्हररूम (रात्री १०:२५)
अरे देवा. विचारून तरी करायचं. आत्ताच्या आत्ता नोंदणी बंद करा, पूर्ण. मग ॲडमिनमध्ये "प्रून युजर्स" म्हणून नको ते मेंबर काढून टाकायची सोय आहे, तिथं रविवारनंतर नोंदवलेले असं गाळून काढता येतात, पण आधी बॅकअप घ्या आणि यादी डोळ्यांखालून घाला, एखादा खरा माणूस त्यात असायचा. रविवारनंतर आलेल्या नव्यांत खरे किती असतील?

गडवेडा_बेळगाव (रात्री १०:५८)
दोन. एक तो सौंदत्तीच्या मुलाचा मित्र आणि एक मामा, मामा परत नोंदवलाय, पहिला पासवर्ड विसरला म्हणून.

सर्व्हररूम (रात्री ११:०६)
आता नोंदणी परत सुरू करताना ॲक्टिव्हेशन "युजरकडून" वर ठेवा. "स्पॅमबॉट काउंटरमेजर्स" मध्ये (बॉट, म्हणजे आपोआप नाव नोंदवणारी यंत्रं, अडवायचं पान) चित्रातल्या अक्षरांऐवजी प्रश्नोत्तर निवडा. स्थानिक माणसालाच येईल असा प्रश्न मराठीत टाका. यंत्रांची फौज जगभर एकसारखी फिरते, तुमच्यासाठी कोण वेगळं उत्तर शोधत बसणार? आणि नवीन मेंबरच्या पहिल्या काही पोस्ट तुम्ही बघितल्याशिवाय दिसू नयेत, ती सोय आतच आहे, "न्यूली रजिस्टर्ड युजर्स" नावाच्या गटातून.

क्लाउडवाला (रात्री ११:१५)
डिस्कोर्समध्ये हे सगळं आपोआप होतं. फक्त सांगतोय.

गडवेडा_बेळगाव (गुरुवार, रात्री ९:४०)
मेल जायला लागली!!! बायकोला गेली, भावाला गेली, इनबॉक्समध्येच. डोमेन एकाकडं आणि होस्टिंग दुसऱ्याकडं घेतलेलो म्हणून रिपेअरचं बटण दाबून काय होत नव्हतं, मग ते एसपीएफ-डीकेआयएमचं लिहिलेलं जसंच्या तसं कॉपी करून डोमेनवाल्याकडं टाकलो, चार-पाच तासांनी चालू झालं. विभाग तीन केलो. तक्रारीसाठी माझंच नाव आणि पत्ता खाली लावलोय. सगळ्यांचे लई उपकार, सर्व्हररूम दादा बेळगावला आलात तर कुंदा माझ्याकडून.
आता एकच. प्रश्न ठेवलोय "राजहंसगडाच्या पायथ्याला कुठलं गाव?" एक पण बॉट आला नाही. पण माणूस पण येईना झालाय.

सर्व्हररूम (रात्री ९:४४)
उत्तर काय भरलंय?

गडवेडा_बेळगाव (रात्री ९:४६)
येळ्ळूर.

चंदगडी (रात्री ९:५१)
आम्ही येळूर लिहितो.

तंबाखूनगरी (रात्री ९:५२)
मी इंग्रजीत टाकलं तर?

शहापूरची_वहिनी (रात्री ९:५५)
मी यळ्ळूर लिहिलं, तीन वेळा नाही म्हणाला. माझं माहेर आहे ते.

सर्व्हररूम (रात्री १०:०२)
एका प्रश्नाला कितीही उत्तरं देता येतात, एका ओळीवर एक. येळ्ळूर, येळूर, यळ्ळूर, यळूर, आणि इंग्रजी अक्षरांत लोक जेवढ्या तऱ्हेनं लिहितात तेवढी सगळी. "स्ट्रिक्ट चेक" बंदच ठेवा, ते लहान-मोठी अक्षरं आणि मोकळी जागा पण जुळवून बघतं.

गडवेडा_बेळगाव (रात्री १०:३१)
नऊ उत्तरं झाली. वहिनी परत एकदा करून बघा की.

शहापूरची_वहिनी (रात्री १०:४०)
झालं. मेल पण आली. आता सांगा, भीमगडची परवानगी कुठल्या ऑफिसात मिळते?