मदत हवी आहे: पुण्यातल्या जुन्या चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद कशी शोधायची?

पडवी:
आजीच्या वडिलांच्या बाप्तिस्म्याची नोंद हवी आहे. पुण्यात झाला एवढं नक्की, चर्च अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या पंथाचं), म्हणजे आताचं सीएनआय, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. नाव सखाराम. तीन आठवडे नेटवर शोधतोय, पैसे भरून दोन साइट्स पण पालथ्या घातल्या, एकही सखाराम सापडला नाही. आजी पुढच्या महिन्यात नव्वदची होतेय आणि तिला फक्त ती तारीख हवी आहे, बाकी काही नको म्हणते. मी बंगळूरला असतो त्यामुळे 'जाऊन विचारा' एवढंच सांगू नका. प्लीज लवकर.

कॅम्पकर:
कुठलं चर्च? साल कुठलं? पुण्यात अँग्लिकन चर्च काय एकच आहे का. सगळ्यात जुनं कॅम्पातलं सेंट मेरीज, १८२५ चं, बिशप हेबर पुण्यात आले होते तेव्हा त्यांच्या हातून अर्पण झालं. आधी तिथेच बघा, आमच्या घरच्या नोंदी तिथेच मिळाल्या.

गुरुवारपेठी:
सेंट मेरीज पलटणीचं चर्च हो. भिंतीवर सगळ्या रेजिमेंटच्या पाट्या आहेत. शहरातले मराठी ख्रिस्ती गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनला जायचे, तिथल्या पवित्र नाम देवळात. आमच्या चार पिढ्या तिथल्याच.

कॅम्पकर:
पलटणीबरोबर खानसामे, माळी, सईस पण होते ना? त्यांच्या पोरांचे बाप्तिस्मे कुठे झाले असतील? उगाच ठाम सांगू नका.

नगरी:
घराणं मूळ कुठलं? नगरकडचं असेल तर अमेरिकन मराठी मिशन बघा, ते नगरला १८३१ पासून आहे, आमच्याकडे सगळे त्यातलेच.

गुरुवारपेठी:
अमेरिकन मिशन अँग्लिकन नव्हतं. १९७० ला नागपुरात सीएनआय झालं तेव्हा सगळे एकत्र आले, म्हणून आता लोक सरसकट सीएनआय म्हणतात. त्याआधीची नोंद ज्या त्या मिशनच्या वहीत.

पेठेतला वाचक:
पंचहौदचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ऑक्टोबर १८९० मध्ये गोपाळराव जोशींनी तिथे लोकांना बोलावलं, टिळक, रानडे सगळे होते, चहा-बिस्किटं पुढे आली आणि नंतर 'पुणे वैभव'मध्ये नावं छापून आल्यावर मिशनमध्ये चहा घेतला म्हणून केवढं ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं. हे गोपाळराव म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान. जागा तीच, आजही उभी आहे.

पडवी:
चांगली माहिती आहे पण माझ्या प्रश्नाचं काय? साल मला माहीत असतं तर विचारलंच नसतं. नेटवर का मिळत नाही तेवढं तरी सांगा.

थेम्सकाठ:
मी सांगते. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या प्रती लंडनला जायच्या, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत, एन-३ नावाच्या मालिकेत. साइट्सवर दिसतं ते बहुतेक तेच. पण त्यात मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोक, देशी ख्रिस्ती फार थोडे. त्यामुळे तिथे नाव नाही म्हणजे बाप्तिस्मा झालाच नाही असं अजिबात नाही. मूळ वही चर्चमध्येच बघावी लागते.
जाता जाता, मी ऑक्सफर्डजवळ राहते, वाँटेजला जाऊन आले. पंडिता रमाबाईंचा आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा तिथल्या जुन्या पॅरिश चर्चमध्ये झाला, २९ सप्टेंबर १८८३. त्यांना तिथे नेणाऱ्या सिस्टर पुण्यातल्याच, १८७७ पासून पुण्यात काम करणाऱ्या. आणि रमाबाईंच्या मनावर ज्यांच्या लिखाणाचा परिणाम झाला ते नीळकंठशास्त्री गोरे, कोकणस्थ, काशीत वाढलेले, पुढे अँग्लिकन धर्मगुरू झाले. त्या देवळात उभी होते तेव्हा अंगावर काटा आला.

नगरी:
डीएनए टेस्ट करून घ्या, माझ्या मेव्हण्याला दूरचे नातेवाईक सापडले.

गुरुवारपेठी:
डीएनएत तारीख थोडीच येते. पडवी, आजीला नीट विचारा ना, वडील चर्चबद्दल काय सांगायचे? फादर कसे होते, काहीही चालेल.

पडवी:
विचारलं. दुष्काळात गावाकडून आले, आईबाप नव्हते, मिशनच्या बोर्डिंगात वाढले. काळा झगा आणि कमरेला गाठींची दोरी असलेले गोरे फादर होते, लग्न न केलेले. आणि वडील म्हणायचे की आठ घंटा वाजायला लागल्या की सगळी पेठ थांबायची. हे महत्त्वाचं असेल असं वाटलं नाही म्हणून आधी लिहिलं नाही.

गुरुवारपेठी:
अहो मग झालंच की! दोरीवाले फादर म्हणजे ऑक्सफर्डच्या काउलीचे, सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट सोसायटी या अँग्लिकन संघाचे, १८७४ ला मुंबईत आले आणि मग पुण्यात. पंचहौदचं देऊळ त्यांनीच बांधलं, १८८५ ला. आठ घंटांचा मनोरा पण तिथलाच. दुष्काळ म्हणजे बहुतेक १८९९-१९०० चा.

कॅम्पकर:
दोरी आणि घंटा दोन्ही जुळतंय, तर पंचहौदच. माझा मुद्दा खानसाम्यांपुरता होता.

थेम्सकाठ:
आता नावाचं बघा. बाप्तिस्म्याच्या वेळी नवीन नाव द्यायचे. वहीचं छापील पान इंग्रजीत असतं: बाप्तिस्म्याची तारीख, जन्म कधी झाल्याचं सांगितलं, ख्रिस्ती नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा आणि शेवटी विधी केलेल्या धर्मगुरूची सही. तुम्ही पहिल्या नावात सखाराम शोधताय, तो कदाचित बापाच्या रकान्यात असेल. आजीच्या लग्नाच्या दाखल्यावर वडिलांचं नाव काय आहे?

पडवी:
मावशीकडून फोटो मागवला. त्यावर 'लूक सखाराम' आहे. घरात सगळे सखारामबाबाच म्हणायचे, लूक हे नाव मी आज पहिल्यांदा वाचलं. आजीला फोनवर वाचून दाखवलं तर ती म्हणाली, बायबलच्या पहिल्या पानावर तेच लिहिलेलं होतं, ते बायबल पानशेतच्या पुरात गेलं.

थेम्सकाठ:
लूक असेल तर संत लूकचा दिवस १८ ऑक्टोबर. झग्यातल्या फादर लोकांत सणाच्या दिवसावरून नाव द्यायची पद्धत असायची. नक्की नाही, पण आधी ऑक्टोबरची पानं बघायला सांगा.

गुरुवारपेठी:
मी रविवारी उपासनेला जातोच, पाळकसाहेबांच्या हातात चिठ्ठी देतो. लूक, बाप सखाराम, दुष्काळातला अनाथ, ऑक्टोबर आधी. पण पडवी, बोर्डिंगात आले तेव्हा ते किती वर्षांचे होते आणि गाव कुठलं, हे अजून सांगितलं नाहीत. तेवढं शनिवारपर्यंत लिहा.